दातातला अबोला

चंदनाचा वरचा पुढचा दात शुक्रवारी सकाळी पेरू खाताना पडला, आणि कुणी काही म्हणायच्या आत अक्कांनी तो अंगणातून वर उंदीरमामाच्या नावाने भिरकावलासुद्धा. जयसिंगपूरच्या त्या गल्लीत आता कौलं उरली नव्हती, त्यामुळे उंदीरमामाने राहावं असं छप्परही उरलं नव्हतं. प्रत्येक गच्चीवर उन्हाकडे तोंड करून सौर पॅनेलं बसलेली. मगदुमांच्या नातीचा दात त्यातल्याच दोन पॅनेलांच्या फटीत जाऊन पडला.

"अक्का, तो दात शाळेत द्यायचा होता!" चंदनाची आई त्रिशला आतून धावत आली.

"शाळेत? दात?" अक्कांनी पदर सावरला. "आमच्या वेळंला शाळा पाटी-पेन्शील मागायची. आता दात मागायला लागली व्हय?"

त्या चंदनाच्या आजी, तिच्या वडिलांच्या, म्हणजे सन्मतीच्या आई. सन्मतीचा धंदा उसावर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करण्याचा. त्याने वर्कशॉपमधून चिमटा लावलेला एक छोटा ड्रोन आणला आणि गच्चीवर सोडला. बघता बघता गल्ली गोळा झाली. समोरचे चौगुले ओरडले, "काय रे सन्मती, ऊस सोडून दाताचा डॉक्टर झालास काय?" सगळे हसले. दात सुखरूप खाली आला. सात वर्षांची चंदना हे सगळं आईचा हात धरून पाहत होती. ती हसली नाही आणि काही बोललीही नाही.

प्रश्न नेमका तोच होता. चंदना शाळेत बोलत नसे. म्हणजे मुकी नव्हती. धडा वाचायला सांगा, घडाघडा वाचायची. शेजारच्या वर्गात निरोप पाठवा, एकही शब्द न गाळता पोचवून यायची. पण "तुला लाल खडू हवा की निळा?" असं विचारलं की ती बाईंच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. तहान लागली तरी सांगायची नाही. दोनदा वर्गात तिचा फ्रॉक ओला झाला, कारण बाहेर जायचंय हे तिने सांगितलंच नाही. तिच्या वर्गशिक्षिका कुंभारबाई एकदा म्हणाल्या, "निरोप्या म्हणून पोरगी एक नंबर आहे हो. पण तिचं स्वतःचं म्हणून काही तिच्या तोंडून येतच नाही." दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर तिला सांगलीच्या वेगळ्या शाळेत पाठवावं लागेल, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. ती शाळा निवासी होती. चंदनाला घरापासून लांब ठेवायला सन्मती तयार नव्हता. शाळेने निर्णयाआधी दंतलेख, म्हणजे दुधाच्या दातावरून काढलेला बालपणाचा अहवाल, मागवला, आणि म्हणून दात हवा होता.

दंतलेख हे प्रकरण येऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण तेवढ्यात लोकांनी त्याचं काय काय करून टाकलं होतं! घटस्फोटाच्या खटल्यांत वकील डबीतून दात घेऊन उभे राहत. वधूवर सूचक मंडळं पत्रिकेसोबत दंतलेख मागत. मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराने आईने जपून ठेवलेल्या आपल्या दुधाच्या दाताचा फोटो फलकावर छापून खाली 'स्वच्छ बालपण' असं लिहिलं होतं. तो पडला, ती गोष्ट वेगळी.

मिरजेच्या दवाखान्यात डॉ. शाहीन पटवेगारांनी मात्र यातलं काहीच मनावर घेतलेलं दिसत नव्हतं. बाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी पडद्यावर चंदनाच्या दाताचा उभा काप दाखवला. तांदळाएवढा दात भिंतीएवढा झाला होता.

"हाड आयुष्यभर मोडतं, घडतं. दाताचं तसं नाही," त्या म्हणाल्या. "दात थराथराने बनतो आणि एकदा बसलेला थर पुन्हा बदलत नाही. वरच्या चकाकत्या भागात पोटात असल्यापासूनचे काही महिने, आतल्या पिवळट भागात त्याच्या पुढचं दीड-दोन वर्षांचं. माणसाला ताण आला की रक्तात कॉर्टिसॉल नावाचं रसायन वाढतं. तान्ह्या बाळाच्याही वाढतं. त्या दिवशी जो थर बसतो, त्यात त्याचा अंश अडकून राहतो. यंत्र एवढंच करतं, एकेक थर खरवडून तो अंश मोजतं."

"म्हणजे बाळ रडलं की रेघ?" त्रिशलाने विचारलं.

"नाही नाही. रडावं की बाळाने! ताण चढला आणि उतरला तर काही बिघडत नाही, त्यातूनच मूल शिकतं. तो चढून महिनोन् महिने उतरलाच नाही तर पंचाईत. मग वाढत्या मेंदूची ताकद राखणीवर खर्च होते. रात्रंदिवस राखण करणाऱ्याने पेरायचं कधी?"

त्यांनी बोट फिरवलं. जन्माआधीचा भाग स्वच्छ. मग जन्माची रेघ, ती सगळ्यांनाच असते. पुढचे काही महिने स्वच्छ. मग साधारण आठव्या महिन्यापासून एक करडा पट्टा सुरू होत होता. तो दीड वर्षापर्यंत गेला होता, मध्ये कुठेही तुटला नव्हता.

"तेव्हा तिला ताप..." त्रिशला म्हणू लागली.

"तापाची रेघ केसाएवढी असते. हा पट्टा आहे." डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. "कधी आणि किती, हे दात सांगतो. का, ते सांगत नाही. ते घरच्यांनी सांगायचं."

सन्मती लगेच म्हणाला, "डॉक्टर, तसलं काहीही आमच्यात नाही. आमच्या घरात आवाजसुद्धा चढत नाही."

हे तो अभिमानाने म्हणाला. त्रिशलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग वरच्या पंख्याकडे.

डॉक्टरांनी चंदनाच्या दंडावर एक पातळ पट्टी चिकटवली. घामातलं तेच रसायन मोजून, मूल तेव्हा कुठे आणि कुणाजवळ आहे यासकट, ती दवाखान्याला कळवत राहणार होती. "पंधरवडाभर राहू दे. तुम्ही नेहमीसारखं वागा."

नेहमीसारखं वागायला सवड कुणाला होती? दंतलेखाची बातमी निपाणीला, त्रिशलाच्या माहेरी पोचली आणि संध्याकाळी भिंतीवरच्या पडद्यावर सगळं माहेर गोळा झालं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे निपाणीला झालं होतं. चंदना पाच महिन्यांची होईपर्यंत तिथेच होती. तिच्या मामाने पडद्यावर दाताचं चित्र मोठं केलं आणि जाहीर केलं, "बघून घ्या. आमच्याकडं होती तोवर दात आरशासारखा आहे."

"व्हय की," अक्का म्हणाल्या. "पाच महिने लाडावून ठेवलं, सारखं कडेवर. मग हितं आल्यावर लेकरू बिथरणारच की!"

"अहो, आल्यावर तीन महिने तरी स्वच्छच आहे, अक्का," त्रिशला म्हणाली.

"मग आमचंच चांगलं म्हणायचं!"

दोन्हीकडची माणसं बांधाच्या भांडणात पिढ्या घालवलेली. त्या दातात माहेर कुठे संपतं आणि सासर कुठे सुरू होतं, याची मोजणी जेवणवेळेपर्यंत चालली. पट्टा कशाचा, हे मात्र कुणी विचारलं नाही. अक्कांनी शेवटी निकाल दिला, "तान्हं लेकरू. त्याला काय कळतंय? काय तर एकेक फॅडं!"

सन्मतीला मात्र कळलं होतं. दवाखान्यातच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये एका ड्रोनचं पातं हातात घेऊन तो तसाच बसून राहिला.

त्याचे वडील अप्पा आता नव्हते. ते होते तेव्हा त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, आणि त्यांचा हात कुणाच्या पाठीत कधी बसेल याचा नेम नसायचा. ताट भिरकावलं की अक्का निमूट सांडलेलं भरायच्या. आपल्या घरात आवाज चढणार नाही, हात उठणार नाही, असं सन्मतीने मिसरूड फुटायच्या वयात ठरवलं होतं आणि शब्द पाळला होता. राग आला की तो गप्प बसायचा. यातच आपण अप्पांपेक्षा वेगळे आहोत, असं त्याला वाटायचं.

त्रिशला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. चंदना आठ महिन्यांची झाली तेव्हा गळीत हंगाम सुरू होणार होता आणि ती कामावर परत जाणार होती. तयारी झाली होती, साड्यांना इस्त्र्या झाल्या होत्या. तेवढ्यात तिच्या साहेबांनी तिला सांगितलं, "तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. यंदा येणार नाही म्हणाले, म्हणून मी दुसरी बाई घेतली." सन्मतीने तिला न विचारता परस्पर कळवून टाकलं होतं. ती घरी आली आणि त्याला फक्त "बरं" म्हणाली. पुढे वर्ष होत आलं तरी ती त्याच्याशी बोलली नाही. तोही बोलला नाही. चुकलं म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की अप्पांचा आवाज बाहेर येईल अशी त्याला धास्ती.

अबोला होता, पण घर कसं नीट चाललं होतं! वेळेवर डबा, वेळेवर चहा, लग्नामुंजींना जोडीने हजेरी. बोलायचं झालंच तर मध्ये चंदना होती. "चनू, बाबांना सांग, पाणी तापलंय." "चनू, आईला सांग, मला यायला उशीर होईल." दोघंही बोलताना त्या बाळाच्या तोंडाकडे बघायचे, कारण एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. बाळ या चेहऱ्याकडून त्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता की 'बाबा' नव्हता. पहिला शब्द होता 'सांग'. सगळं घर तेव्हा खो खो हसलं होतं. अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगितली जायची.

पुढे अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, कुठलं औषध कधी घालायचं यावरून दोघांना बोलावंच लागलं आणि अबोला आपोआप सुटला. त्रिशला दोन वर्षांनी कामावर परतली. मूळ विषय मात्र तसाच राहिला. आणि अवघड काही सांगायचं असलं की दोघं अजूनही चनूलाच हाक मारत.

हे सगळं त्रिशलालाही कळलं असणार. पण ती काही म्हणाली नाही आणि सन्मतीने काही काढलं नाही. त्या आठवड्यात घर पुन्हा शांत झालं. "चनू, बाबांना विचार, भाकरी हवी का." पट्टी दंडावर होतीच.

पंधरवडा संपण्याआधीच डॉ. पटवेगारांनी दोघांना बोलावून घेतलं. चंदनाला बाहेर चित्रं काढायला बसवलं होतं.

"मला एक कोडं पडलंय," त्या म्हणाल्या. "शाळेत तिचा आलेख बरा आहे. शेजारी खेळायला जाते तिथे तर फारच छान."

"चौगुल्यांकडे?" सन्मती चकित झाला. "डॉक्टर, ते घर म्हणजे बाजार आहे. सहा माणसं आणि सहाही एकदम ओरडतात."

"आणि तुमच्या शांत घरात, तुम्ही दोघं एका खोलीत आलात की चढतो. झोपेपर्यंत उतरत नाही. फक्त एक दिवस सोडून. गुरुवारी संध्याकाळी आधी एकदम वर गेला, आणि मग पंधरवड्यात नव्हता इतका खाली आला. त्या रात्री मुलगी गाढ झोपली. काय झालं होतं गुरुवारी?"

त्रिशला ओशाळली. "दूध उतू गेलं होतं. माझं आणि अक्कांचं वाजलं. बरंच वाजलं. अक्का म्हणाल्या तुझं लक्ष कुठं असतं, मी म्हटलं मला दोनच हात आहेत... मग त्यांनाच हसू आलं. मलाही आलं. मग आम्ही दोघींनी मिळून शेगडी पुसली."

"आणि मुलगी?"

"तिथंच होती. एरवी आम्ही दोघं भांडत नाही, निरोप तिच्याच तोंडून जातात."

डॉक्टरांनी गुरुवारच्या आलेखावर बोट ठेवलं. "तिने एक भांडण सुरू होताना पाहिलं आणि संपतानाही पाहिलं. तुमच्या दोघांचं तिने कधी संपलेलं पाहिलेलं नाही, कारण ते सुरूच होत नाही. पण आहे, हे तिला कळतं. तान्ह्या मुलाला शब्द कळत नाहीत. चेहरे मात्र कळतात. दोन माणसं एकमेकांवर रागावलीत आणि मध्ये आपण आहोत, एवढं त्याला पुरतं. ही मुलगी जागेपणी सतत दोन मनं वाचत बसलेली असते. स्वतःला काय हवं, हे वाचायला तिला फुरसतच मिळालेली नाही."

सन्मतीला सरळ सरळ रडू आलं, आणि डॉक्टरांसमोर रडल्याची लाज वाटली.

"माझ्या वडिलांसारखा मी हात उचलला नाही कधी," तो म्हणाला. "आवाज चढवला नाही."

"मला ठाऊक आहे. मारहाणीचा पट्टा यापेक्षा काळा असतो, असले दात रोज बघते मी. तुम्ही तुमच्या वडिलांसारखे झाला नाहीत, हे खरंच मोठं आहे. पण मारणं आणि गप्प बसणं या दोन्हीच्या मध्ये बरीच जागा आहे, सन्मतीराव. तिथे माणसं भांडतात." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "औषध लिहून देत नाही, तोंडी सांगते. भांडा. मुलीसमोर भांडा, शिव्या न देता, हात न उचलता. आणि भांडण संपवा. तिच्यामार्फत एक शब्द नको."

"आणि दातातला पट्टा?" त्रिशलाने विचारलं.

"तो गेला. तो आता कुणाला पुसता येणार नाही. ती मात्र सातच वर्षांची आहे."

दोघं चंदनाला घेऊन गाडीत बसले. भांडायचं तर खरं, पण सुरुवात कोण करणार? शाळेच्या नाटकातले संवाद पाठ करावेत तशी दोघं मनातल्या मनात जुळवाजुळव करत राहिली. शनिवारी सन्मतीने "आमटीत मीठ कमी आहे" असं जरा मोठ्याने म्हणून पाहिलं. अक्कांनी मुकाट्याने मीठ पुढे केलं आणि प्रयोग तिथेच पडला.

रविवारी सकाळी त्रिशला कपाट आवरत होती. जुन्या इस्त्रीच्या साड्यांचा गठ्ठा निघाला. ती तो घेऊन बाहेरच्या खोलीत आली. सन्मती झोपाळ्यावर होता, चंदना खाली फरशीवर, अक्का वाती वळत बसलेल्या.

"त्या हंगामाला मी जाणार होते," त्रिशला म्हणाली. नेहमीप्रमाणे चंदनाकडे नाही, सरळ सन्मतीच्या डोळ्यांत बघून. "तुम्ही मला विचारलं का नाही?"

सन्मतीने पायाने झोपाळा थांबवला. "जुनं कशाला..."

"जुनं नाही. मला ते रोज आठवतं. साहेबांच्या तोंडून मला कळलं! सगळ्या लॅबमध्ये माझी शोभा झाली. मी काय तुमच्या वर्कशॉपातला ड्रोन आहे, तुम्ही कळ दाबली की खाली उतरायला?" तिचा आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही.

"तू तरी कुठं विचारलंस? 'बरं' म्हणालीस आणि तोंड फिरवलंस! वर्षभर! मी रोज वाट बघायचो की आज तरी बोलशील, शिव्या तरी देशील." सन्मती उठून उभा राहिला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, पण तो अप्पांचा नव्हता.

"मग का केलंत ते सांगा. आज सांगा."

"भीती वाटली म्हणून!" तो म्हणाला. "तू गेल्यावर ती दिवसभर माझ्याजवळ असणार होती. अक्का देवळात गेल्या की मी एकटा. ती रडायला लागायची ना, थांबायचीच नाही, तेव्हा माझा हात... उठला नाही कधी. पण उठेल असं वाटायचं. अप्पांचा हात माझ्या हातात आहे असं वाटायचं. तू घरात असलीस की मला धीर असायचा. हे तुला कसं सांगणार होतो?"

अक्कांच्या हातातली वात तशीच राहिली.

"असंच," त्रिशला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि राग अजून गेला नव्हता. "असंच सांगायचं होतं. मी तुम्हाला खाल्लं असतं का? दोघांनी मिळून काहीतरी काढलं असतं. माझी दोन वर्षं गेली त्यात, आणि हिची..."

"चुकलं माझं. चुकलं. किती वेळा म्हणू?"

"पहिल्यांदाच म्हणताय!"

उत्तर नसलं की माणूस सवयीच्या वाटेने जातो. सन्मतीची मान वळली. "चनू, सांग तुझ्या आईला..."

"चनू, बाबांना म्हणावं..." त्रिशलाही त्याच क्षणी म्हणाली.

दोघं एकदम थांबले.

चंदनाने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. भांडण अजून चालू आहे की संपलं, याचा तिने अंदाज घेतला असावा. मग ती उठून उभी राहिली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा. मला भूक लागलीय."

या घरात तिला वेळेवर भरवलं होतं, वेळेवर डबा दिला होता. भूक लागली असं तिच्या तोंडून सन्मतीने सात वर्षांत ऐकलं नव्हतं. त्रिशला तिच्यापुढे खाली बसली. "काय खाणार?"

"उप्पीट आहे की..." अक्कांनी सुरू केलं. त्रिशलाने न बघताच हात वर केला आणि अक्का चक्क गप्प बसल्या.

चंदनाला वेळ लागला. बराच वेळ लागला. ती नेहमीच्या सवयीने आईच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागली, तर त्रिशलाने डोळे मिटून घेतले.

"कांदाभजी," चंदना म्हणाली.

मगदुमांचं घर जैन. अक्का सून होऊन आल्या तेव्हापासून, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, त्या स्वयंपाकघरात कांदा चिरला गेला नव्हता. कुणाच्या डब्यात बघितली, कुणाच्या हातची खाल्ली, कोण जाणे. सन्मतीच्या मनात एकच गोष्ट आली आणि ती येताच त्याला भर सकाळी मोठ्याने हसावंसं वाटलं. हे वाक्य या घरातल्या कुणी तिच्याजवळ दिलेलं असणं शक्यच नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं.

सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी हातातली वात पुरी वळली, तबकात ठेवली.

"माझ्या ओट्यावर न्हाई," त्या म्हणाल्या. "मागच्या अंगणात शेगडी लावा. आणि कढई ती जुनी घ्या, कान तुटलेली. नंतर आत आणू नका म्हणजे झालं."

सन्मतीने पायात चपला सरकवल्या. आपल्याला कांदे नेमके कुठल्या दुकानात मिळतात हेही ठाऊक नाही, हे त्याच्या लक्षात आलं. चौगुल्यांना विचारावं लागणार होतं, म्हणजे दुपारपर्यंत साऱ्या गल्लीला कळणार होतं.

"थांबा," त्रिशला म्हणाली. "आपलं अजून संपलेलं नाही."

"ठाऊक आहे. आलोच. आल्यावर पुढं भांडू."

"बाबा," चंदनाने त्याला दारातून हाक मारली, "मोठे आणा."